भाषणाआधीची धडधड: सेरोटोनिनचा वाटा किती, गोळीचा किती

प्रश्न थोडक्यात असा. वय २९, हिंजवडीत आयटीत नोकरी. महिन्यातून दोनदा क्लायंटसमोर पंधरा मिनिटं प्रेझेंटेशन द्यावं लागतं. दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो, झोप उडते. उभं राहिलं की घशाला कोरड आणि आवाजात कंप. घरी, मित्रांत, दुकानात बोलताना काहीच अडचण नाही. रील्समध्ये पाहिलं की हे सगळं 'सेरोटोनिन कमी' झाल्यामुळे होतं (सेरोटोनिन म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन). तर त्याची रक्ततपासणी करावी का, खाण्यातून ते वाढतं का, आणि एक सहकारी घेतो ती एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी सुरू करावी का?

तपासणीचं आधी उरकून टाकू. करू नका. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तातलं जवळपास सगळं प्लेटलेट्समध्ये भरून ठेवलेलं असतं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून तिथलं काहीच कळत नाही. हे द्रव्य सापडलंही मनाच्या शोधात नाही. इटलीत एर्स्पामर हे शास्त्रज्ञ आतड्यातल्या एका पदार्थाच्या मागे होते. अमेरिकेत रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी १९४८मध्ये रक्तद्रवातून, म्हणजे सीरममधून, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ वेगळा काढला. नावातलं 'सेरो' तिथून आलं. पुढे दोन्ही पदार्थ एकच निघाले, आणि मेंदूतही ते आहे हे १९५३मध्ये बेटी ट्वारोग आणि पेज यांनी दाखवलं.

लॅबमध्ये सेरोटोनिनशी संबंधित जी तपासणी होते ती कार्सिनॉइड नावाच्या गाठीसाठी असते. चोवीस तासांची लघवी जमा करून तिच्यात सेरोटोनिनचा चोथा किती उतरला ते मोजतात. त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद करायला सांगतात, कारण त्यांनी आकडा फुगतो. तुमच्या खाण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं: केळ्यातलं सेरोटोनिन लघवीच्या रिपोर्टपर्यंत पोचतं, मेंदूपर्यंत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर ट्रिप्टोफॅनचं. दूध, पनीर, अंडी, शेंगदाणे यांत हे अमिनो आम्ल असतं आणि मेंदू त्यापासूनच सेरोटोनिन बनवतो, हे खरं. पण मेंदूत शिरायचं दार एकच, आणि त्यावर इतर अमिनो आम्लांचीही रांग असते. प्रथिनं जास्त खाल्ली की ही इतर मंडळी ट्रिप्टोफॅनपेक्षा कितीतरी जास्त येतात आणि तेच मागे पडतं. दोन वेळ नीट जेवणाऱ्या माणसाला ट्रिप्टोफॅनचा तुटवडा नसतो. केळं भूक लागली म्हणून खा. ऑनलाइन मिळणाऱ्या ५-एचटीपीच्या (शरीरात ज्याचं सेरोटोनिन होतं त्या द्रव्याच्या) कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि नैराश्यावरची किंवा चिंतेवरची गोळी चालू असेल तर मुळीच नको.

रक्त काढायचंच असेल तर टीएसएच आणि हिमोग्लोबिन करून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं, तरी छाती अशीच धडधडते. थायरॉइडमध्ये हातही थरथरतात. माणूस बिचारा 'स्टेजची भीती' म्हणून वर्षं काढतो.

आता मुख्य मुद्दा. 'कमी आहे म्हणून भीती वाटते' हे चित्रच चुकीचं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर वावरायची अतोनात भीती असलेल्यांचं पेट स्कॅन (मेंदूत कुठे काय चाललंय ते दाखवणारं) केलं, त्याचे निष्कर्ष २०१५मध्ये आले. अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला बदामाएवढा धोका हुंगणारा भाग, तिथे या लोकांत सेरोटोनिनची निर्मिती कमी नव्हे, जास्त दिसली. मग सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी त्यांना बरं कसं वाटतं? पुणेकराला हे पाण्यावरून चटकन कळेल. खडकवासल्यात साठा किती आहे यावर तुमच्या नळाला किती वाजता आणि किती दाबाने पाणी येईल हे ठरत नाही. ते कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवला यावर ठरतं. सेरोटोनिनचंही तसंच. मेंदूच्या देठात रॅफे नावाचे पेशींचे पुंजके आहेत. तिथून तंतू मेंदूभर जातात, आणि ज्या भागात ज्या प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतील तसा परिणाम होतो. एकच द्रव्य एकीकडे भीती वाढवतं, दुसरीकडे दाबतं.

डीकिन आणि ग्रेफ या संशोधकांनी १९९१मध्ये नेमकं हेच मांडलं. संकट अजून दूर आहे, पण येणार आहे, अशा वेळची चिंता अमिग्डालाच्या भागात घडते आणि तिथे सेरोटोनिन तिला हातभार लावतं. संकट समोर उभं ठाकलं की जी 'पळ इथून' अशी आदिम भीती उसळते, ती मध्यमेंदूतल्या वेगळ्या भागात घडते आणि तिथे सेरोटोनिन तिच्यावर झाकण ठेवतं. ग्रेफ ब्राझीलचे. तिथल्या संशोधकांनी यासाठी भाषणाचीच चाचणी वापरली: स्वयंसेवकाला अचानक सांगायचं की दोन मिनिटांत तयारी कर आणि कॅमेऱ्यासमोर बोल, समोरच्या पडद्यावर त्याचं त्याला दिसत राहील. सेरोटोनिन मोकळं करणाऱ्या डी-फेनफ्लुरामिनने बोलतानाची भीती कमी झाली. त्याचे काही ग्राहक अडवणाऱ्या मेटरगोलिन आणि रिटान्सेरिनने ती वाढली किंवा लांबली. (डी-फेनफ्लुरामिन हे वजन घटवायचं औषध होतं; हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७मध्ये बाजारातून गेलं. म्हणजे हा इलाज नव्हे, पुरावा आहे.)

तुमच्या दृष्टीने यातलं कामाचं एवढंच: दोन दिवस आधीचा पोटातला गोळा आणि उभं राहिल्यावरचा आवाजातला कंप हे एकाच भीतीचे कमी-जास्त डोस नाहीत. दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

उभं राहिल्यावर काय होतं ते जरा जवळून पाहू. तुमचं नाव घेतलं जातं, 'ओव्हर टू यू' होतं, आणि अ‍ॅड्रेनालिन सुटतं. नाडी झपाट्याने चढते. लाळ आटते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. श्वास पोटातून छातीच्या वरच्या भागात सरकतो आणि आखूड होतो. आवाजाला मागून हवेचा दाब मिळत नाही. त्यात स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात, म्हणून पट्टी चढते आणि वाक्याच्या शेवटी आवाज फाटतो. हा कळस बहुधा पहिल्या मिनिटात असतो. न पळता बोलत राहिलं तर पुढच्या काही मिनिटांत नाडी आपणहून उतरू लागते. घोळ असा की बहुतेक जण घाईघाईने पाच मिनिटांचं दोन मिनिटांत आटोपतात, कळसावरच खाली बसतात, आणि मेंदू नोंद करतो: 'बसलो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती तिथूनच सुरू होते.

गोळ्यांकडे येऊ. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही एसएसआरआय गटातली औषधं. पेशीबाहेर सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारा पंप ती अडवतात. पंप पहिल्या गोळीपासूनच अडतो, तरी गुण यायला आठवडे लागतात. याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं: रॅफेमधल्या पेशींवर स्वतःचेच ब्रेक असतात. भोवती सेरोटोनिन वाढलं की हे ब्रेक लागतात आणि पेशी काम कमी करते. दोन-तीन आठवड्यांत ब्रेक सैल होतात, मग पुढची घडी बसू लागते. सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते, मळमळ होते, झोप बिघडते. म्हणून डॉक्टर एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमवर सुरू करून आठवड्याने १० करतात, गरज पडली तर २० पर्यंत नेतात. सर्ट्रालिन २५ वरून ५० आणि हळूहळू वर. गुण येतो की नाही हे ४ ते ६ आठवड्यांआधी ठरवायचं नाही, पुरता अंदाज १२ आठवड्यांनी. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात.

म्हणजे शुक्रवारच्या प्रेझेंटेशनसाठी मंगळवारी सहकाऱ्याच्या पट्टीतली गोळी घेतलीत, तर शुक्रवारी तुम्ही नेमके सर्वांत वाईट टप्प्यात असाल. ही चूक फार जण करतात. दुसरी, दहाव्या दिवशी 'मला सूट झाली नाही' म्हणून सोडणं. तिसरी, चार महिन्यांनी एकदम बंद करणं: मग चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. चौथी चूक कोणी बोलून दाखवत नाही. लैंगिक इच्छा कमी होते किंवा स्खलनाला उशीर लागतो, आणि माणूस कोणाला न सांगता गोळी बंद करतो. डॉक्टरांना सरळ सांगा; डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, यांतलं काही चालू असेल तर तेही आधी सांगायचं. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर ताप, घाम, थरथर, स्नायू ताठ होणं असा प्रकार होतो आणि दवाखाना गाठावा लागतो. या गोळीसोबत आयबुप्रोफेन वारंवार घेत असाल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. घरात कोणाला बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) असेल तर ते लपवू नका. वय पंचविशीच्या आत असेल तर पहिले काही आठवडे आत्महत्येच्या विचारांकडे घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं.

आता तुमच्यासाठी ही गोळी हवी का? तुम्ही लिहिलंय त्यावरून बहुधा नाही. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, २०१३ची डीएसएम-५, हिच्यात सोशल अँग्झायटीचा 'फक्त सादरीकरणापुरता' असा वेगळा प्रकार नोंदवला आहे. इतरत्र माणूस मोकळा असतो, फक्त लोकांसमोर उभं राहिलं की अडतं. महिन्यातल्या दोन दिवसांसाठी तीसही दिवस एसएसआरआय घेणं सहसा पहिला पर्याय नसतो. उलट फोन उचलणं, साहेबांशी बोलणं, चारचौघांत जेवणं, बँकेत सही करणं, सगळीकडेच सहा महिन्यांहून अधिक काळ धास्ती असेल आणि त्यापायी बढती किंवा ठरलेलं लग्न टाळलं जात असेल, तर एसएसआरआय आणि सीबीटी (विचार आणि वागणं सरावाने बदलण्याची, गोळ्यांविना होणारी उपचारपद्धती) हा रुळलेला, चांगला उपचार आहे. तिथे 'गोळीची सवय लागेल' या भीतीने थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञ लगेच गाठता येत नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

या गोळीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उप्सालातच २०१७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एस्सिटालोप्रामच दिली, २० मिलिग्रॅम, नऊ आठवडे. निम्म्यांना खरं सांगितलं; निम्म्यांना सांगितलं की या गोळीने दुष्परिणाम जाणवतील, पण चिंता काही कमी होणार नाही. ज्यांना खरं माहीत होतं त्यांच्यात गुण आलेल्यांचं प्रमाण तिपटीहून अधिक निघालं. याचा अर्थ गोळी खोटी असा काढू नका. अपेक्षेचा वाटा मोठा आहे, इतकाच. त्याच विद्यापीठाच्या २००२च्या अभ्यासात लोकांसमोर बोलताना अमिग्डालातला रक्तप्रवाह मोजला होता. सिटालोप्राम घेतलेल्यांत आणि फक्त गटातली सीबीटी केलेल्यांत, ज्यांना बरं वाटलं त्या दोन्हींत तो कमी झाला. सरावही त्याच खोलीत पोचतो, फक्त दुसऱ्या दाराने.

उभं राहिल्यावरच्या कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल आहे. त्याचा सेरोटोनिनशी फारसा संबंध नाही. अ‍ॅड्रेनालिनचा हृदयावरचा आणि हातांवरचा परिणाम ते अडवतं. डॉक्टर साधारण १० ते ४० मिलिग्रॅम, कार्यक्रमाच्या तासभर आधी देतात. पहिला डोस कधीही कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आधी सुटीच्या दिवशी घरी घेऊन पाहायचा. कोणाला चक्कर येते, कोणी ढिलं पडतं. दमा असेल तर नाही. नाडी मुळात संथ, बीपी कमी, हृदयात ब्लॉक, तर नाही. मधुमेहात इन्शुलिन चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड ते झाकून टाकतं, म्हणून जपून. दोन दिवस आधीच्या पोटातल्या गोळ्यावर याचा विशेष उपयोग होत नाही, ती यंत्रणाच वेगळी.

अल्प्राझोलमसारखी लगेच शांत करणारी गोळी नकोच. डोकं जड होतं, शब्द सुचायला वेळ लागतो, सवय लागते, आणि 'घाबरूनही बोलता आलं' हा धडा मेंदूला मिळत नाही.

राहिला सराव, आणि तुमच्या बाबतीत खरा उपचार तोच. तो कसा करतात यावर सगळं अवलंबून आहे, कारण 'बोलत राहा, भीती जाईल' या सल्ल्याने वर्षानुवर्षं बोलूनही न गेलेले पुष्कळ आहेत. एक छोटी वही करा. प्रत्येक वेळी आधी एक ओळ लिहा: नेमकं काय होईल असं वाटतंय? 'वाईट होईल' असं मोघम नको. 'आवाज इतका कापेल की कोणीतरी विचारेल, बरं वाटतंय ना?' असं, जे घडलं की नाही हे सांगता येईल. शेजारी घालमेलीचा आकडा, ० ते १०. बोलून झाल्यावर खाली लिहा: विचारलं का कोणी? आकडा सुरुवातीला किती, शेवटी किती? मेंदू शिकतो तो या दोन ओळींतल्या फरकातून.

पायऱ्या लहान घ्या. रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, ठरवून पहिलं बोला. मग सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबावर एक प्रश्न विचारा; पुण्यात तिथे प्रश्न विचारणारे इतके असतात की तुमच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून द्या. भाषणाचा सराव करणाऱ्यांचा टोस्टमास्टर्स क्लब सोयीचा असेल तर तिथे आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं आणि तयारीचं भाषण पाच ते सात मिनिटं असा क्रम आपोआप मिळतो, शिवाय तुमचे 'अं... अं...' मोजायला एक माणूस बसलेला असतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण उत्तम. एक पायरी तीन-चारदा झाली, आकडा दोन-तीनने उतरला, की पुढची. महिन्यातून दोनदा पुरत नाही, आठवड्यातून दोनदा तरी हवं. मध्ये मोठा खंड पडला की भीती पुन्हा वर येते.

सराव फसतो तो 'आधारां'मुळे. क्लिकर दोन्ही हातांनी घट्ट धरणं, स्लाइड वाचून दाखवणं, दर वाक्याला पाण्याचा घोट, भरधाव बोलणं, ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंद. प्रत्येक आधार मेंदूला सांगतो, 'हा होता म्हणून निभावलं.' एका वेळी एकच काढा. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवा, पण स्वतःची चौकट लपवा. सतत स्वतःकडे पाहिल्याने लक्ष आत वळतं आणि भीतीला तेच हवं असतं. बोलताना लक्ष बाहेर न्या: कोण मान डोलावतंय, कोणाच्या कपाळाला आठी आहे.

व्हिडिओचा सराव नीट केला तर फार उपयोगी. मोबाइलवर तीन मिनिटं बोला. लगेच पाहू नका. आधी लिहा: हात किती थरथरलेले दिसतील, चेहरा किती लाल, आवाज किती कापरा, प्रत्येकी ० ते १०. मग परक्या माणसाचा व्हिडिओ समजून पाहा आणि पुन्हा आकडे द्या. दोन रकाने जवळजवळ कधीच जुळत नाहीत. आतून आठ वाटलेला कंप बाहेरून दोन-तीन दिसतो. सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३मध्ये वक्त्यांना आधी एवढंच समजावून सांगितलं की आतली घालमेल आपल्याला वाटते तितकी लोकांना दिसत नाही. त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली.

संपूर्ण भाषण पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढची ओळ सापडत नाही, आणि मग गाडी रुळावरून उतरते. पहिली दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी घोटा, कारण कळस तिथेच असतो. उरलेलं पाच-सहा मुद्द्यांत. मोठ्याने सराव करायला घरी जागा नसेल तर सकाळी तळजाईवर चालताना करा.

त्या दिवशी बोलण्याआधी पाच मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. जोरात खोल श्वास भरू नका, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि माणूस आणखी घाबरतो. अमृततुल्यचा दुसरा कटिंग बोलून झाल्यावर. आदल्या रात्री झोप यावी म्हणून 'थोडी' घेतलीत, तर झोप तुटते आणि सकाळी हात जास्त थरथरतात.

क्लायंट कॉलमध्ये बहुतेकांना खरी धास्ती असते ती शेवटच्या प्रश्नोत्तरांची, आणि तिचा सराव कोणीच करत नाही. एका सहकाऱ्याला पाच आडवे प्रश्न काढायला सांगा, त्यातले दोन असे की उत्तर तुम्हाला माहीत नाही. प्रश्न आला की तो आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणा. त्यात तीन-चार सेकंद मिळतात आणि श्वास खाली उतरतो. माहीत नसेल तर 'हे तपासून उद्या दुपारपर्यंत मेल करतो', आणि तिथेच पूर्णविराम. पुढे सारवासारव नाही. हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणून ठेवा, आणि एखाद्या खऱ्या कॉलमध्ये उत्तर अर्धवट येत असतानाही मुद्दाम वापरून पाहा. वहीत आधी लिहा की समोरचे काय म्हणतील. बहुधा 'शुअर' म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.